गेमबॉय, घुमट आणि सात मात्रा

2025 च्या चवथीत, म्हणजे 30 ऑगस्टच्या रात्री, आमच्या वाड्यावरच्या (वस्तीतल्या) सार्वजनिक गणपतीच्या मंडपात मी वीस मिनिटं गेमबॉयवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर, संगीत वाजवलं. सोबत एक छोटा बेस सिंथेसायझर (खर्जाचे सूर काढणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) होता आणि घुमट, म्हणजे चामडं मढवलेलं मातीचं तालवाद्य, घेऊन आमची वैनी होती. हे करायला मला दहा महिने लागले. मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, सोल्डरिंगची इस्त्री त्याआधी कधी हातात धरली नव्हती. अडले तेव्हा मराठीत विचारायला कुणी नव्हतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे, खर्चासकट.

सुरुवात दिवाळीच्या साफसफाईत झाली. आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. ऑक्टोबर 2024 च्या शेवटच्या आठवड्यात माळ्यावरचे डबे उतरवताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राखाडी गेमबॉय सापडला. मामा बोटीवर होता. 1994 साली सुट्टीवर येताना त्याने दादासाठी तो आणला होता. जपानात हे यंत्र 1989 मध्ये बाजारात आलं, म्हणजे आमच्या घरी पोचलं तेव्हाच ते पाच वर्षं जुनं मॉडेल होतं. आम्हाला त्याचं काय? वाड्यावर दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

मागचं झाकण उघडलं तर चार पेन्सिल सेल फुटून त्यांचं निळं-पांढरं चूर्ण स्प्रिंगांवर चढलेलं. गोव्याच्या दमट हवेत सेल आत ठेवून यंत्र विसरलं की हेच होतं. मला वाटलं, गेलं. पण त्याच महिन्यात मी एक रेकॉर्डिंग ऐकलं होतं, कुणीतरी अशाच राखाडी डब्यावर पूर्ण गाणं वाजवत होतं, आणि ते डोक्यातून जात नव्हतं. या प्रकाराला चिपट्यून म्हणतात. ध्वनिमुद्रित वाद्यं नाहीत. खेळाच्या यंत्रातली चिप स्वतः जो आवाज काढते, त्यातूनच सगळं रचायचं. गेमबॉयसाठी 1998 मध्ये जर्मनीच्या ओलिव्हर विटशो यांनी नॅनोलूप हा संगीत रचायचा प्रोग्रॅम केला आणि 2000 मध्ये स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी लिटल साउंड डीजे हा तसाच दुसरा, ज्याला सगळे एलएसडीजे म्हणतात. मी दुसरा निवडला.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती मला उशिरा कळली असती तर पैसे वाया गेले असते. यंत्र, कार्ट्रिज (यंत्रात खोचायची, प्रोग्रॅम असलेली वडी) काहीही विकत घेण्याआधी एलएसडीजे संगणकावर एम्युलेटरमध्ये, म्हणजे गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून पाहा. मी सेमबॉय वापरला. नोव्हेंबरचे तीन आठवडे रोज रात्री तासभर लॅपटॉपवर बसले. आवडलं नसतं तर तिथेच थांबता आलं असतं.

पहिले आठ दिवस काहीच कळलं नाही. पडद्यावर नुसते आकडे आणि अक्षरं. पण मी दिवसभर आकड्यांतच असते, त्यामुळे भीती लवकर गेली. मोजणी सोळाच्या पायावर चालते: 0 ते 9 आणि मग ए ते एफ. सर्वांत लहान घटक फ्रेज, तिच्यात सोळा ओळी. अनेक फ्रेज एकाखाली एक लावल्या की चेन. चेन गाण्याच्या पानावर मांडायच्या, चार रकान्यांत. रकाने चारच, कारण गेमबॉयला आवाजाचे चॅनेलच चार: दोन पल्स (चौकोनी लहरीचे), एक वेव्ह (हवी तशी आखता येणाऱ्या लहरीचा) आणि एक नॉइज (नुसत्या खरखरीचा).

हे चार चॅनेल मला कळले ते आमच्या आरतीच्या पथकामुळे. मी गेली सहा वर्षं वाड्यावरच्या महिला पथकात शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) वाजवते. पथकात प्रत्येकीला एकच काम असतं. घुमटवाली घुमट सांभाळते, कासाळंवाली कासाळं (झांजा), आणि कुणी दुसरीच्या जागेत शिरली की आरती विस्कटते. गेमबॉयचंही तसंच. नॉइज चॅनेलला एन्व्हलप ए1 दिला, म्हणजे आवाज जोरात सुरू होऊन क्षणात विझतो, की कासाळ्याचा छाटलेला झंकार मिळतो. पल्स चॅनेलला लहरीची रुंदी बदलता येते: 12.5, 25, 50 आणि 75 टक्के. 12.5 वर आवाज नाकातून आल्यासारखा बारीक, 50 वर पोकळ आणि भरदार. वैनी घुमट वाजवताना उजव्या हाताच्या बोटांनी चामड्यावर थाप देते आणि डावा तळवा मागच्या उघड्या तोंडावर झाकते-उघडते. आवाज तोच, पण तळव्याने त्याचा पोत बदलतो. एलएसडीजेत रुंदी बदलणारा आकडा पहिल्यांदा फिरवला तेव्हा मला तो तळवाच दिसला. तेव्हाच ठरवलं की जे काही करीन ते आमच्या सात मात्रांच्या चालीवर करीन.

डिसेंबरमध्ये यंत्राकडे वळले. गेमबॉयचे बाहेरचे सहा स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत. त्यांना तीन पाकळ्या असतात. दोन स्क्रू सेलच्या कप्प्यात लपलेले असतात, ते न काढता झाकण ओढलं तर प्लॅस्टिक तुटतं. तीन पाकळ्यांचा पेचकस 220 रुपयांना मागवला. स्प्रिंगांवरचं चूर्ण पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कानकाडीने उतरवलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, एक दिवस वाळू दिलं. दोन स्प्रिंगा गंजाने खाल्ल्या गेल्या होत्या, त्या बदलल्या. व्हिनेगर, अल्कोहोल, स्प्रिंगा मिळून 350 रुपये.

चालू केलं तर दिवा लागला, आवाज आला, पण पडद्यावर मधल्या सात-आठ उभ्या रेघा गायब. जुन्या गेमबॉयला हा आजार नेहमीचा आहे. पडद्याच्या खालच्या कडेला पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिचा चिकटपणा सुटतो. रबराची पट्टी बाजूला करून तिच्यावरून कोमट सोल्डरिंग इस्त्री हलक्या हाताने आडवी फिरवायची. यासाठी म्हापशाहून तापमान बदलता येणारी अशी इस्त्री, जोड लावायचं शिसं आणि फ्लक्स आणलं, 1,100 रुपये. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने एका रविवारी जुन्या रेडिओच्या पट्टीवर माझ्याकडून पन्नास जोड करून घेतले, मगच गेमबॉयला हात लावू दिला. इस्त्री फिरवताना पडदा चालू ठेवला होता. एकेक रेघ परत येताना दिसली. शेवटची आली तेव्हा मी आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "मामाला फोटो पाठव."

आता कार्ट्रिज. एलएसडीजेला 128 केबी साठवण लागते, तिच्यात 32 गाणी राहतात. साध्या जुन्या खेळाच्या कार्ट्रिजवर ते चालत नाही. मेमरी कार्ड घालता येणारं कार्ट्रिज परदेशातून मागवावं लागलं. 9 डिसेंबरला ऑर्डर, 7,800 रुपये. 27 डिसेंबरला ट्रॅकिंगवर पार्सल कस्टम्सकडे दिल्याची नोंद आली आणि मग तीच नोंद बरेच दिवस. 8 जानेवारीला पत्र आलं: वस्तू काय आहे, किंमत किती, स्वतःच्या वापरासाठी की विक्रीसाठी, आणि ओळखपत्र. मी साध्या कागदावर लिहून दिलं की हे जुन्या गेमबॉयमध्ये घालायचं कार्ट्रिज आहे, संगीताच्या छंदासाठी, एक नग. सोबत बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि आधारची प्रत जोडली. 21 जानेवारीला पोस्टमन पार्सल घेऊन आला. 2,140 रुपये ड्युटी रोख भरून पावती घेतली. मागवताना बिलाची छापील प्रत आधीच काढून ठेवा आणि सहा आठवडे धरून चला. मी ड्युटीचे पैसे हिशेबात धरले नव्हते, त्यामुळे पुढची खरेदी महिनाभर लांबली.

फेब्रुवारीत आवाजाचं काम केलं. गेमबॉयचं हेडफोनचं भोक चालतं, पण त्याच्या आतल्या अॅम्प्लिफायरमुळे मागे खरखर येते आणि खर्ज पातळ होतो. त्यावर उपाय म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या चकतीच्या पायांपासूनच तारा काढून वेगळ्या जॅकला जोडायच्या, मधला अॅम्प्लिफायर टाळून. याला प्रोसाउंड म्हणतात. तीन तारा: डावी, उजवी, अर्थिंगची. जॅक आणि तारा 150 रुपये. ते पाय तांदळाच्या दाण्याएवढे असतात, एकमेकांना चिकटून. पहिल्या प्रयत्नात दोन पायांमध्ये शिशाचा पूल झाला आणि दोन्ही बाजूंना एकच आवाज यायला लागला. पुन्हा तापवून तांब्याच्या वेणीने शिसं शोषून घेतलं. दुसऱ्यांदा नीट बसलं. त्या रात्री हेडफोनमध्ये वेव्ह चॅनेलचा खर्ज ऐकला, तो आधी होता हेच मला ठाऊक नव्हतं.

23 मार्चला तीन आठवड्यांचं काम गेलं. माझ्या कार्ट्रिजची रीत अशी की गाणं आधी त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतं. बटण दाबून मेनूत परतलं की मगच ते कार्डावर उतरतं. मी थेट स्विच बंद केला. त्यात सेलही उतरत आलेले होते. परत चालू केलं तर गाण्याचं पान कोरं. मी त्या रात्री जेवले नाही. चाल कागदावर लिहिलेली नव्हती, डोक्यात होती तेवढीच उरली. तेव्हापासून तीन गोष्टी सोडलेल्या नाहीत: आधी मेनू मग स्विच, दर रविवारी कार्डावरच्या सेव्ह फाइलची लॅपटॉपवर तारीख घालून प्रत, आणि लाल दिवा मंद व्हायला लागला की लगेच सेल बदलणं. भरून वापरायचे सेल 1.2 व्होल्टचे असतात, म्हणजे चार मिळून 4.8, साधे मिळून 6. मेमरी कार्डवालं कार्ट्रिज वीज जास्त खातं, म्हणून महत्त्वाच्या दिवशी मी नवे साधे अल्कलाइन सेलच घालते.

चाल पुन्हा लिहिताना सात मात्रा नीट बसवल्या. सोळा ओळींच्या फ्रेजमध्ये सात मात्रा कशा बसणार, याने मला आधी खूप छळलं होतं. उत्तर सोपं आहे. प्रत्येक मात्रेला दोन ओळी धरल्या की चौदा ओळी होतात, 0 ते डी. पुढच्या ई ओळीवर एच00 ही आज्ञा लिहायची. ती वाचली की यंत्र तिथूनच पुढच्या फ्रेजवर उडी मारतं. मात्र ही आज्ञा प्रत्येक चॅनेलच्या प्रत्येक फ्रेजमध्ये लागते. एकीत राहिली की तो चॅनेल दर आवर्तनाला दोन ओळी मागे पडतो आणि तिसऱ्या आवर्तनापर्यंत कासाळं भलत्याच मात्रेवर पडायला लागतं. कान लगेच ओळखतो, पण कुठल्या फ्रेजमध्ये राहिली हे शोधायला वेळ जातो.

एप्रिलमध्ये वैनीचं घुमट गेमबॉयमध्ये घातलं. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं, त्यावर वन्यजीव कायद्याने बंदी आली, आता बकरीचं असतं. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. एलएसडीजेत आपले छोटे आवाज किट म्हणून घालता येतात, त्यासाठी एलएसडीपॅच नावाचं साधन आहे. पण जागा फार थोडी. आवाज 4 बिटचा, म्हणजे सोळाच पायऱ्या, आणि एका किटात सगळं मिळून पावणेतीन सेकंदांच्या आसपास मावतं. ओसरीवर दुपारी, पंखा बंद करून, मोबाइल घुमटापासून दोन वीत अंतरावर ठेवून आम्ही अठरा थापा घेतल्या. वैनीने विचारलं, "कितें गो हें? एवढ्याशा डब्यात माझं घुमट?" त्यातल्या चार ठेवल्या: उघडी घुमी (घुमणारी थाप), झाकलेली घुमी, कडेची चाट, आणि तळवा झाकता झाकता दिलेली एक, जिचा सूर वर सरकतो. 4 बिटमध्ये गेल्यावर मातीची ऊब थोडी जाते आणि एक करकरीत कड येते. मला ती आवडली. वैनीला पहिल्या दिवशी आवडली नाही.

इथे नवा प्रश्न आला. किट वेव्ह चॅनेलवरच वाजतं, आणि खर्जही वेव्ह चॅनेलचाच चांगला. दोन्ही एका वेळी शक्य नाही. घुमट ठेवलं तर खर्ज गेला. म्हणून बाहेरचं यंत्र लागलं. कॉर्गचा व्होल्का बेस घेतला, तीन ऑसिलेटरचा (सूर काढणाऱ्या भागांचा) अॅनालॉग सिंथ, पुस्तकाएवढा, सहा सेलवर चालणारा. 11 मे रोजी पणजीत एकाकडून वापरलेला घेतला, 8,500 रुपयांना. घेताना प्रत्येक चकती फिरवून पाहिली, हेडफोन लावून खरखर येते का ऐकलं. त्यातही सोळाच पायऱ्या आहेत, पण नको त्या पायऱ्या वगळायची सोय आहे; शेवटच्या दोन वगळल्या की चौदा.

दोन्ही यंत्रं हाताने एकदम सुरू केली की अर्धा मिनिट बरोबर जातात. पण आमच्या चालीला तेवढं पुरत नाही. आरती शेवटाकडे चढते. संथ सुरू होते, मग घुमट ओढायला लागतं आणि सगळं पथक त्याच्या मागे. ती चढ नसेल तर ती आमची चाल नाही, नुसता ठेका आहे. एलएसडीजेत लय बदलायची आज्ञा टी. टी6ई म्हणजे मिनिटाला 110 ठोके, टी78 म्हणजे 120, टी84 म्हणजे 132, टी90 म्हणजे 144. मी गेमबॉयमध्ये चढ लिहिली, पण व्होल्काला ते कळायचं नाही. तो आपला 110 वरच.

गेमबॉयची लय मिडीमध्ये, म्हणजे वाद्ययंत्रं एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, बदलून दुसऱ्या यंत्राला सांगायला आर्डुइनोबॉय नावाची जोडणी आहे. टिमोथी लॅम यांनी ती केली आणि आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. एक छोटा आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम घालता येणारी सर्किटची पट्टी), गेमबॉयची लिंक केबल (दोन गेमबॉय एकमेकांना जोडायची तार) कापून तिच्या तारा, आणि मिडीचं पाच टाचण्यांचं सॉकेट. मला फक्त बाहेर लय पाठवायची होती, त्यामुळे आत येणाऱ्या मिडीसाठी लागणारा ऑप्टोआयसोलेटर नावाचा सुटा भाग वगळला. बोर्ड 380 रुपये, सॉकेट, दोन 220 ओहमचे रेझिस्टर, डबी वगैरे 300.

लिंक केबलमध्ये मी चुकले. पहिली मागवली ती नंतरच्या कलर मॉडेलची. तिचं टोक लहान, जुन्या राखाडी गेमबॉयच्या मोठ्या खाचेत बसतच नाही. 450 रुपये गेले. दुसरी मागवताना पहिल्या पिढीसाठी असं लिहून विचारून घेतली, 600. कापल्यावर तारांच्या रंगांवर मुळीच विसंबू नका. प्रत्येक कारखाना वेगळे रंग वापरतो. मल्टिमीटरने एकेक तार टोकाच्या कुठल्या टाचणीला जाते ते तपासून कागदावर लिहा.

ते सगळं जूनमध्ये झालं. बाहेर पाऊस, घरात कपडे वाळत नाहीत, आणि मी सोल्डरिंगची इस्त्री घेऊन ओसरीवर. 14 जूनला जोडणी पूर्ण झाली आणि व्होल्का ढिम्म. दिवे लुकलुकत होते, म्हणजे गेमबॉयकडून लय येत होती. पुढे जात नव्हती. चार रात्री मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले. चूक सॉकेटमध्ये होती. आराखडा समोरून काढलेला असतो आणि आपण शिसं लावतो मागून, त्यामुळे चार आणि पाच क्रमांकाच्या टाचण्या आरशातल्यासारख्या उलट होतात. 18 जूनला दोन तारांची अदलाबदल केली. स्टार्ट दाबलं, व्होल्काचा दिवा गेमबॉयबरोबर पळायला लागला, आणि टी78 ची ओळ आली तसा तोही चढला. घरात सगळे झोपले होते. मी ते आवर्तन अकरा वेळा ऐकलं.

पावसाळ्यासाठी एवढं सांगते: वापर झाला की सेल काढायचे, यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचं, पुड्या दर पंधरा दिवसांनी उन्हात किंवा तव्याच्या उबेवर सुकवायच्या. जुलैत कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्यांवर धूसर थर आला होता आणि यंत्र सुरू होताना अडायचं. अल्कोहोलने पुसल्यावर गेला.

वैनीबरोबरची तालीम जुलैच्या शेवटी सुरू झाली. हा भाग सर्वांत कठीण होता. पहिल्या दिवशी किटातलं घुमट आणि तिचं घुमट एकाच वेळी वाजलं आणि दोन्ही एकमेकांवर आदळली. तिने पाच मिनिटांत घुमट खाली ठेवलं. म्हणाली, "हे माझं ऐकत नाही." खरं होतं. पथकात ती ओढते तशा आम्ही जातो. इथे यंत्र एक केसभरही हलत नव्हतं. मग मी दोन बदल केले. ती वाजवायला लागली की वेव्ह चॅनेल गप्प करायचा. बी आणि सिलेक्ट एकत्र दाबलं की होतो. आणि चढ मी ठरवलेल्या जागी न ठेवता तिच्या जागी ठेवायची. तिला एकटीला वाजवायला सांगितलं, मोबाइलवर घेतलं आणि कुठल्या आवर्तनात किती चढते ते मोजलं. ती एकदम चढत नाही. आधी दोन आवर्तनं किंचित, मग थोडं थांबते, मग खूप. टीच्या आज्ञा तशा पसरल्या: टी6ई, टी72, टी78, बराच वेळ तिथेच, मग टी84, टी90. तिसऱ्या तालमीला ती न थांबता शेवटपर्यंत गेली आणि म्हणाली, "आता चाल ओळखीची वाटते."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मंडळाला विचारलं. दोन ज्येष्ठ नाराज होते. देवासमोर खेळण्यातलं यंत्र कशाला, असं एकाने विचारलं. मी त्यांच्या घरी जाऊन ओसरीवर वाजवून दाखवलं आणि सांगितलं की आरतीचे शब्द यात नाहीत, ठेका आमचा आणि सुरावट मी केलेली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतः मांडीवर सात मात्रा धरल्या. चौथ्या दिवशी, शनिवारी, आरतीनंतर आणि नाटकाआधी वीस मिनिटं मिळाली.

ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचं काम चिटणीसांबरोबर मीही केलं, कारण कार्यक्रमांच्या यादीत माझं नाव घालायचं होतं. मंडळाचा अर्ज, पंचायतीचा ना हरकत दाखला, पोलीस ठाण्याचा ना हरकत दाखला, मग उपजिल्हाधिकारी कार्यालय. अर्जात तारीख, वेळ, जागा, स्पीकर किती हे सगळं लागलं. सगळे कागद हातात यायला अकरा दिवस गेले. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणांसाठी राज्य सरकार काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. आम्ही सवलतीवर न राहता माझी वेळ पावणेनऊची ठेवली. परवानगीच्या कागदाची एक प्रत साउंडवाल्याजवळ ठेवा.

त्या दिवशी साउंडवाल्याला दोन तास आधी गाठलं, हे फार बरं झालं. त्याने असं यंत्र पाहिलं नव्हतं, पण कान तयार होता. 12.5 टक्क्यांचा पल्स भोंग्यातून कानात घुसत होता. त्याने वरच्या पट्टीचा आवाज कमी केला, मी त्या जागी 50 टक्के केलं. दोन्ही यंत्रं सेलवर ठेवली, अडॅप्टर लावला नाही, त्यामुळे घरघर आली नाही. जुन्या गेमबॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, मंडपात दिवे मंद केले की काहीच दिसत नाही. म्हणून वाचायचा चिमट्याचा दिवा आणला होता, 250 रुपये. वैनीच्या पायाशी एक छोटा स्पीकर फक्त तिच्यासाठी ठेवून घेतला.

पावणेनऊला पाऊस आला. पत्र्यावर असा कोसळला की पहिली दोन मिनिटं नॉइज चॅनेल कुठे संपतो आणि पाऊस कुठे सुरू होतो ते कळेना. माझे अंगठे घामाने सरकत होते. किटातली घुमी सुरू झाली तशी पुढच्या रांगेतली मुलं थांबली. पाचव्या मिनिटाला वैनीने घुमट उचललं, मी बी आणि सिलेक्ट दाबलं, वेव्ह चॅनेल गप्प झाला आणि त्याच मात्रेवर तिची थाप पडली. आत व्होल्काचा खर्ज, वर कासाळ्याचा झंकार. टी84 ला पथकातल्या बाकीच्या बायकांनी टाळ्या धरल्या, आणि त्या सातच्या सात मात्रा बरोबर होत्या. मामा निवृत्त होऊन गावातच असतो, तो खांबाला टेकून उभा होता. नंतर त्याने गेमबॉय हातात घेतला, उलटापालटा केला, आणि मागे मी कोरलेलं जॅकचं भोक बोटाने चाचपलं.

एकूण खर्च 22,240 रुपये झाला, चुकीच्या केबलसकट. गेमबॉय घरचा होता आणि संगणक होताच. ज्यांना एवढं नको त्यांनी फक्त लॅपटॉप आणि एम्युलेटरवर सुरुवात करावी. सात मात्रांची उडी तिथेही तशीच चालते.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. संध्याकाळी वैनी ओल्या साडीनेच ओसरीवर आली आणि म्हणाली, "ती दुसरी चढ एक आवर्तन आधी घे गो. तिथे मी आधीच निघालेली असते." मी रेकॉर्डिंग लावून मोजलं. ती बरोबर होती. टी84 एक फ्रेज वर नेली, मेनूत परतले, मग स्विच बंद केला, आणि सेल काढून डबा बंद केला.